आधी निविदा, मग चौकशी

लखनौच्या उत्तरेला, अलीगंज ओलांडून कुर्सी रोडच्या बाजूला गेले की विकास नगर लागते. सेक्टरांच्या आकड्यांवरून ओळखली जाणारी, नोकरदारांची आणि पेन्शनरांची वस्ती. माझी सगळी नोकरी उत्तर प्रदेशात गेली, आणि निवृत्तीनंतर पुण्याला परतायचे परतायचे म्हणत मी येथेच राहिलो. येथल्या बाजारात एक जन सेवा केंद्र आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, रेल्वेचे तिकीट, पॅनकार्ड आणि त्यासोबत सरकारचे झाडून सगळे दाखले. दुकान आठ बाय दहाचे असेल. ते चालवणारा मुलगा बी.ए. झालेला, वागायला अदबीचा, टंकलेखनात तरबेज. वीज गेली की मी त्याच्या बाकावर जाऊन बसतो, कारण त्याच्याकडे इन्व्हर्टर आहे. प्रशासन म्हणजे काय हे सचिवालयात जेवढे कळले नाही तेवढे त्या बाकावर कळले, असे म्हटले तर माझे जुने सहकारी रागावतील, पण म्हणतो.

मागच्या उन्हाळ्यात तेथे एक मराठी बाई आल्या. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या. विटे आणि आसपासच्या गावांतली माणसे सोने-चांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत, हे बाहेरगावी राहणाऱ्या मराठी वाचकांना ठाऊक असेलच. उत्तरेकडच्या ज्या शहरात सराफा आहे, त्या शहरात बहुधा एखादे गलाईचे दुकान आणि त्यामागे सांगलीकडचे एखादे कुटुंब असते. या बाईंच्या यजमानांचे दुकान चौकात होते. नातवाच्या प्रवेशासाठी गावाकडून एक दाखला हवा होता, आणि अर्ज करण्याची मुदत दोन दिवसांवर आली होती. मुलाने संकेतस्थळ उघडले. संकेतस्थळाने पहिला प्रश्न विचारला : विभाग निवडा.

माझे मराठी ऐकून काकू माझ्याकडे वळल्या. "भाऊ, ह्यो पोरगा इचारतोय इभाग कंचा. म्या म्हटलं पश्चिम महाराष्ट्र. तर त्यात त्यो न्हाईच म्हनतोय."

काकूंचे उत्तर चूक नव्हते. वर्तमानपत्रे, आकाशवाणी, निवडणुकीची भाषणे, सगळीकडे सांगली हा पश्चिम महाराष्ट्रच. फक्त महसुली कारभारात पश्चिम महाराष्ट्र नावाचा विभाग नाही. सांगली येते पुणे विभागात. हे तहसीलदाराला माहीत असते, आयुक्त कार्यालयातल्या शिपायाला माहीत असते, मला माहीत होते. काकूंना माहीत असण्याचे काय कारण? त्यांना आपला जिल्हा, तालुका आणि गाव ठाऊक होते. जिल्हा कोणत्या विभागात येतो हे संगणकाला स्वतःला कळू शकते. किंबहुना तेवढे कळावे म्हणूनच संगणक असतो. पण ज्यांनी तो पडदा आखला त्यांनी कार्यालयाची उतरंड कागदावर काढली आणि तीच नागरिकापुढे ठेवली. आयुक्त वर, जिल्हाधिकारी खाली, तहसीलदार त्याखाली, आणि सगळ्यांत शेवटी काकूंचे गाव.

संकेतस्थळाचे नाव मी मुद्दाम देत नाही. असा दोष एखाद्या खात्याचा किंवा एखाद्या राज्याचा नसतो. मी ज्या खात्यात होतो त्यानेही हेच केले, आणि त्या फाइलीवर माझी सही आहे.

ती हकीकत सांगायलाच हवी. काही वर्षांपूर्वी आमच्या खात्याचे नवे संकेतस्थळ करण्याचे ठरले. समितीची पहिली बैठक झाली. विषयपत्रिकेवर क्रमाने असे विषय होते : उद्घाटनाची तारीख, मुखपृष्ठावर कोणाकोणाची छायाचित्रे घ्यायची व कोणत्या क्रमाने, रंगसंगती, निविदेचा मसुदा. छायाचित्रांवर पाऊण तास चर्चा झाली. निविदेचा मसुदा पाच मिनिटांत मंजूर झाला, कारण तो दुसऱ्या एका खात्याच्या निविदेवरून उतरवलेला होता. इतका हुबेहूब, की एका पानावर त्या खात्याचे नाव तसेच राहून गेले होते. ते माझ्या लक्षात आले आणि मी ते खोडून आमचे नाव घातले. त्या मसुद्याबाबत माझे योगदान एवढेच. या संकेतस्थळावर कोण येणार, काय शोधायला येणार आणि आज ती माणसे तेच काम कशी करून घेतात, हा प्रश्न त्या बैठकीत कोणी विचारला नाही. मीही नाही. विचारला असता तर उत्तर काय आले असते तेही मला ठाऊक आहे : "सर, वो सब वेंडर देख लेगा."

वेंडरने पाहिले. त्याने आमच्या खात्याचा संघटन-तक्ता मागवला आणि त्यावरून डावीकडची यादी केली. आमच्याबद्दल, आमचा इतिहास, आमचे उद्दिष्ट, आमचे अधिकारी, आमच्या योजना, आमची छायाचित्रे. 'आमचे' सोडून त्यात काही नव्हते. उद्घाटन झाले, नारळ फुटला, पेढे वाटले. पुढच्या महिन्यापासून खिडकीवरची रांग जेवढी होती तेवढीच राहिली. फक्त आता रांगेतल्या माणसांना सांगता येऊ लागले की, ऑनलाइन करा.

या सगळ्याला 'नियोजनाचा अभाव' म्हणण्याची पद्धत आहे. मला हा शब्द फसवा वाटतो. नियोजन भरपूर होते. मुदती होत्या, टप्पे होते, तक्ते होते, देयकांचे वेळापत्रक तर फारच काटेकोर होते. जे नव्हते त्याला साध्या मराठीत चौकशी म्हणतात. घर बांधण्याआधी आपण माती पाहतो, पाणी पाहतो, शेजार पाहतो. मुलीचे लग्न ठरवताना तर दहा ठिकाणी विचारतो. लोकांच्या पैशाने लोकांसाठी दार उभारताना मात्र लोक कोणत्या रस्त्याने येतात हे पाहायला कोणी जात नाही.

चौकशी म्हणजे मोठा सल्लागार नेमून दोनशे पानांचा अहवाल मागवणे नव्हे, हेही सांगून ठेवतो. नाहीतर उद्या त्याचीच निविदा निघेल. प्रत्येक कार्यालयात चौकशीचे साहित्य फुकट पडलेले असते. आवक नोंदवही काढावी आणि मागच्या सहा महिन्यांत लोकांनी काय मागितले ते वाचावे. त्रुटी दाखवून परत केलेले अर्ज वाचावेत. एकच त्रुटी पुन्हा पुन्हा दिसली तर दोष अर्जदाराचा नसून अर्जाच्या नमुन्याचा असतो. माहितीच्या अधिकाराखाली आलेले अर्ज वाचावेत. लोक जे पुन्हा पुन्हा दहा रुपये भरून विचारतात, ते संकेतस्थळावर पहिल्या पानावर असायला हवे, याहून स्पष्ट सर्वेक्षण कोणते? मग दोन दिवस खिडकीच्या आत न बसता बाहेर, रांगेत उभे राहावे. शेवटी, तयार होत असलेला पडदा काकूंसारख्या पाच-सात माणसांपुढे ठेवावा, तोंड बंद ठेवावे आणि त्यांचे बोट कोठे अडते ते पाहावे. यातले शेवटचे अधिकाऱ्यांना सर्वांत कठीण जाते. आम्हांला समजावून सांगण्याची सवय आहे, पाहत बसण्याची नाही.

माहितीच्या अधिकाराचा विषय निघालाच आहे, तर त्याची गत पाहा. २००५ च्या कायद्याच्या कलम ४ ने प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाला सतरा बाबी स्वतःहून प्रसिद्ध करायला सांगितल्या, आणि त्यासाठी १२० दिवसांची मुदत दिली. हेतू असा की नागरिकाला अर्ज करण्याची वेळच फारशी येऊ नये. कार्यालयांनी काय केले? सतरा बाबींच्या सतरा फाइली टंकून घेतल्या, त्यांची छापील पाने काढली, त्यांवर सह्या घेतल्या, ती पाने तिरकी ठेवून स्कॅन केली आणि ती चित्रे संकेतस्थळावर चढवली. त्या चित्रात शब्द शोधता येत नाही. अंध व्यक्तीचे वाचन-सॉफ्टवेअर ते वाचू शकत नाही. कायद्याचे पालन झाले. माहिती मात्र कपाटातून निघून दुसऱ्या कपाटात गेली. अपंगांच्या संदर्भातल्या या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी, राजीव रतूरी यांच्या प्रकरणात, सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशीवजा ठेवून चालणार नाही असे बजावले, आणि ३० एप्रिल २०२५ च्या निकालात तर डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. आता ही सौजन्याची बाब राहिलेली नाही.

आमच्याच इतिहासात याचा एक जुना धडा आहे, आणि तो पुणे जिल्ह्यातला आहे. पेशवाई गेल्यावर कंपनी सरकारला दख्खनच्या जमिनीची मोजणी आणि साराबंदी करायची होती. १८२० च्या दशकाच्या उत्तरार्धात हे काम रॉबर्ट कीथ प्रिंगल नावाच्या तरुण असिस्टंट कलेक्टराकडे आले. माणूस हुशार, अर्थशास्त्र शिकून आलेला. रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत त्याच्या डोक्यात पक्का होता. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे उत्पन्न किती, मशागतीचा खर्च किती, निव्वळ उरते किती, याचे सूक्ष्म गणित त्याने मांडले आणि निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा ठरवला. कागदावर याहून सुबक योजना सापडणे कठीण. पण ज्या आकड्यांवर गणित उभे होते ते मोजणीचे आणि उत्पन्नाचे आकडेच चुकीचे होते. हाताखालच्या मंडळींनी काही अज्ञानाने, काही चिरीमिरीने हवे तसे भरलेले. साऱ्याचा बोजा पेलेना, जमिनी पडीक पडल्या, कित्येक रयत शेजारच्या निजामाच्या मुलखात निघून गेली.

मग १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी इंदापूर तालुक्यात काम नव्याने हाती घेतले. त्यांनी सिद्धांत बाजूला ठेवला. मातीचा पोत व खोली पाहून प्रती लावल्या, मागच्या वर्षांत प्रत्यक्ष किती वसूल झाला ते पाहिले, आणि तालुक्याला झेपेल तो आकडा ठरवून तो शेतांवर वाटला. आधी एक तालुका, मग पुढचा. त्यातून जो अनुभव आला त्यावर १८४७ चा संयुक्त अहवाल उभा राहिला, आणि मुंबई इलाख्यातली रयतवारी मोजणी पुढे त्याच धर्तीवर झाली. आपल्या सर्व्हे नंबरांची मुळे तेथवर जातात. ही पद्धत निर्दोष होती असे मी म्हणत नाही. तीस वर्षांची मुदत सरल्यावर त्याच भागात दर वाढवले गेले, आणि १८७५ मध्ये सुप्यापासून जे दख्खनचे दंगे पेटले त्यांच्या कारणांत ही वाढही मोजली जाते. म्हणजे दुसऱ्या फेरीला चौकशी पुन्हा कमी पडली. पण प्रिंगलची सुबक योजना आणि इंदापूरचे ओबडधोबड काम यांत टिकले कोणते, हे सांगायला नको. आजच्या निविदा वाचताना मला प्रिंगलसाहेबाची आठवण होते. तीच सफाई, तोच आत्मविश्वास, आणि तळाशी तीच न तपासलेली माहिती.

आपल्या काळातली उदाहरणेही आहेत, आणि ती सगळीच वाईट नाहीत. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात, म्हणजे पवारांच्या जुन्या संस्थानात, जानेवारी २००० मध्ये 'ज्ञानदूत' सुरू झाले. त्या वेळी खेड्यात संगणक पाहिलेला माणूस मिळणे मुश्कील. तेथल्या प्रशासनाने आधी गावांत बैठका घेतल्या आणि तुम्हांला काय हवे असे विचारले. लोकांनी बाजारभाव मागितले, जमिनीचे कागद मागितले, तक्रार नोंदवायची सोय मागितली. सूचनालये त्याप्रमाणे चालली, स्टॉकहोमचे पारितोषिकही त्याच वर्षी मिळाले. पुढे ती मंदावली. विजेने आणि टेलिफोनच्या तारांनी दगा दिला. म्हणजे माणसांना काय हवे हे विचारले गेले, पण तार कोठवर पुरेल ही चौकशी अपुरी राहिली. येथून तासा-दीड तासावर असलेल्या सीतापूर जिल्ह्यात नोव्हेंबर २००४ मध्ये 'लोकवाणी' निघाली. तिने स्वतःची नवी केंद्रे बांधण्याऐवजी गावोगावी आधीच चालू असलेली खासगी दुकाने वापरली आणि ऑनलाइन तक्रार हा मुख्य आधार ठेवला. जेथे माणसे जातातच तेथे सरकार गेले. विकास नगरच्या ज्या बाकावर मी बसतो त्याचे पूर्वज ते.

यानंतर आम्ही शहाणे व्हायला हवे होते. त्याऐवजी मोठे झालो. २००६ मध्ये राष्ट्रीय ई-गव्हर्नन्स योजना आली, मिशन मोडचे प्रकल्प आले, आणि प्रत्येक खात्याला संकेतस्थळ ही अब्रूची बाब वाटू लागली. भाषेचा प्रश्न त्या धावपळीत असा काही तुडवला गेला की त्याची किंमत आपण अजून मोजतो आहोत. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासून जागा होती. तरीही उत्तर प्रदेशात कृतिदेव आणि महाराष्ट्रात निरनिराळ्या कंपन्यांचे फाँट वापरून वर्षानुवर्षे मजकूर चढवला गेला. कृतिदेवमध्ये पडद्यावर 'क' दिसतो, पण संगणकाच्या पोटात ते इंग्रजी डी हे अक्षर असते. 'क' हा त्याचा नुसता पोशाख. फाँट नसलेल्या संगणकावर पोशाख उतरतो आणि वाचकापुढे इंग्रजी अक्षरांचा चिवडा येतो. शोधयंत्राला त्यात एकही हिंदी वा मराठी शब्द सापडत नाही. केंद्राने ई-गव्हर्नन्ससाठी युनिकोड हे मानक ठरवले ते २००९ मध्ये. तोवर लाखो पाने अशी लिहिली गेली होती, की ती सरकारची असूनही सरकारला शोधता येत नव्हती. हा दोष तंत्रज्ञानाचा नव्हता. 'हा मजकूर कोण, कोठे, कोणत्या यंत्रावर वाचणार' हे आधी विचारले असते तर उत्तर एका दुपारी मिळाले असते. लखनौ, इंदूर किंवा बडोद्याहून गावाकडची पाने उघडणाऱ्या मराठी माणसाला हा चिवडा जितका पाहावा लागला तितका मंत्रालयात बसलेल्याला पाहावा लागला नाही, कारण त्याच्या संगणकावर फाँट होता.

आता नेहमीचे आक्षेप. पहिला असा की, मार्गदर्शक तत्त्वे आहेत. आहेत, आणि चांगली आहेत. शासकीय संकेतस्थळांसाठी एनआयसीने तयार केलेली तत्त्वे २००९ मध्ये आली, त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. मजकूर कोण देणार, कोण तपासणार, जुना कधी काढणार, याची जबाबदारी घेणारा वेब माहिती व्यवस्थापक कोण, हे सगळे त्यांत आहे. पण आमच्या हातात पडताच तत्त्वाची तपासणी-यादी होते. 'शेवटचा बदल केल्याचा दिनांक असावा' असे वाचून आम्ही असा दिनांक बसवतो जो रोज आपोआप बदलतो. मजकूर मात्र तीन वर्षांपूर्वी बदलून गेलेल्या अधिकाऱ्याचे नाव सांगत असतो. तयार साच्यांचेही तेच. जिल्ह्यांच्या संकेतस्थळांना एनआयसीने एकसारखा, सुरक्षित साचा दिला ही मोठी सोय झाली. साच्यात भांडे मिळते. आत काय शिजवायचे आणि जेवायला कोण येणार, हे त्या त्या कार्यालयानेच पाहायचे असते.

दुसरा आक्षेप : वेळ नसतो, वरून तारीख आलेली असते. तारखेचे काय होते ते अमेरिकेने १ ऑक्टोबर २०१३ रोजी पाहिले. ओबामांच्या आरोग्य विम्याचे संकेतस्थळ, पन्नासहून अधिक कंत्राटदार, अमाप पैसा, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंतची एकत्र चाचणी अखेरच्या काही आठवड्यांत. नंतर बाहेर आलेल्या कागदपत्रांनुसार पहिल्या दिवशी नोंदणी पूर्ण करू शकलेली माणसे होती सहा. तेव्हा हा दुर्गुण एकट्या आपलाच आहे असे मानून कपाळ बडवण्याचे कारण नाही. आणि त्यावर इलाज नाही असे म्हणण्याचेही नाही. त्याच्या एकच वर्ष आधी, ऑक्टोबर २०१२ मध्ये, ब्रिटनने आपल्या सरकारचे एकत्रित संकेतस्थळ सुरू केले होते. तेथे सेवा बांधण्यापूर्वी शोधाचा एक स्वतंत्र टप्पा ठेवण्याची पद्धत रुजली. त्या टप्प्यात काही बांधायचेच नसते. फक्त माणसांना भेटायचे, आणि गरज नाही असे आढळले तर सरळ काम थांबवायचे. आमच्याकडे काम थांबवले तर निधी परत जातो, म्हणून गरज नसलेलेही पूर्ण होते.

घाई खरोखरच अपरिहार्य असते असे प्रसंग असतात, हे मी मान्य करतो. २०२१ ची लसीकरणाची नोंदणी हा तसा प्रसंग. कोट्यवधींची नोंद ठेवणारी यंत्रणा इतक्या थोड्या काळात उभी राहिली याचे कौतुक मला आजही आहे. तरीही १८ ते ४४ वयाच्या लोकांना आधी ऑनलाइन नोंदणी सक्तीची झाली तेव्हा ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही, इंग्रजी नाही आणि झटपट बोटे नाहीत तो मागे पडला. शहरांतली मुले पहाटे पडद्यापुढे बसून जागा पटकावत आणि मोटारीने खेड्यातल्या केंद्रावर जात. त्या खेड्यातली माणसे केंद्राबाहेर उभी राहून पाहत. डिजिटल दरीचा हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने मे २०२१ मध्ये सरकारला विचारला. जून महिन्यात मराठीसह इतर भाषा आल्या, केंद्रावर थेट जाण्याची वाटही मोकळी झाली. ज्या देशात खेडी आहेत त्या देशात इंग्रजीतला एकच दरवाजा पुरणार नाही, हे कळायला साथ यावी लागली काय?

तिसरा आक्षेप दबक्या आवाजात घेतला जातो : आपले लोकच अडाणी आहेत हो, त्यांना काही करता येत नाही. यावर मला राग येतो. ज्या बाईने नवऱ्यामागे गलाईच्या दुकानाचा हिशेब सांभाळला, मिलिग्रॅमची घट डोळ्यांनी ओळखली, ती एका पडद्यापुढे अडाणी ठरते; आणि ज्याने तिच्या गावाआधी विभाग विचारला तो तज्ज्ञ ठरतो. हा न्याय कोणता?

लखनौत राहून या विषयावर लिहायचे आणि भातखंड्यांचे नाव घ्यायचे नाही, हे मला जमणार नाही. कैसरबागेत त्यांच्या नावाचे विद्यापीठ आहे. १९२६ मध्ये ते मॅरिस कॉलेज म्हणून निघाले, आणि पंडित विष्णु नारायण भातखंडे हे त्यामागचे मुख्य बळ होते. मुंबईचा हा वकील लखनौत संस्था काढण्यापूर्वी काय करत होता? १९०४ मध्ये तो दक्षिणेत हिंडला. त्यानंतरच्या वर्षांत नागपूर, कलकत्ता, अलाहाबाद, बनारस असे पूर्वेचे आणि उत्तरेचे दौरे केले. गवयांना प्रश्न विचारले, त्यांची उत्तरे टिपून ठेवली, घराण्यांच्या चिजा एकेका उस्तादाकडून मिळवून स्वरलिपीत बांधल्या. १९१६ मध्ये बडोद्याला संगीत परिषद भरवून सगळ्यांना एका जागी बसवले. आणि एवढे झाल्यावर अभ्यासक्रम आणि कॉलेज. त्यांच्या काही निष्कर्षांवर आजही वाद आहेत, गवयांविषयीची त्यांची काही मते मला स्वतःला कडवट वाटतात. पण दोन दशकांहून अधिक काळ त्यांनी आधी विचारले आणि मग बांधले. त्या इमारतीत अजून तंबोरे जुळतात. मी दोन दशके मागत नाही. प्रत्येक संकेतस्थळासाठी निविदेआधी तीन महिने आणि खिडकीवर काम केलेला एक कारकून मागतो. त्या तीन महिन्यांची टिपणे निविदेला जोडल्याशिवाय वित्त विभागाने फाइल पुढे सरकवू नये, एवढा एक ओळीचा आदेश पुरे आहे. छायाचित्रांच्या क्रमाबद्दल आमच्याकडे याहून लांब आदेश आहेत.

काकूंचे काम त्या दिवशी झाले नाही. विभाग सापडला, तालुका सापडला, गावाच्या नावाचे स्पेलिंग तीन प्रकारे करून पाहिल्यावर गावही सापडले. मग छायाचित्र हवे होते ते वीस किलोबाइटच्या आत. मुलाने ते करून दिले, कारण ते तो दिवसातून अनेकदा करतो. अखेरीस संकेतस्थळाने एक गुप्त क्रमांक पाठवला. तो गेला काकूंच्या यजमानांच्या नावावर असलेल्या मोबाइलवर, आणि तो मोबाइल यजमान गेल्यावर बंद केलेला होता. क्रमांक बदलण्यासाठी अर्ज करायची सोय होती. त्या अर्जासाठी जुन्या क्रमांकावर गुप्त क्रमांक येणार होता. पुतण्याला तालुक्याच्या कचेरीत दोन खेपा घालाव्या लागल्या, आणि मुदत टळल्यावर चार दिवसांनी दाखला मिळाला. महाविद्यालयाने तो स्वीकारला, म्हणून निभावले.

त्या मुलाकडे एक वही आहे. कोण आले, काय हवे होते, कोठे अडले, किती पैसे घेतले, हे तो रोज लिहितो. हिशेबासाठी लिहितो, त्यामागे दुसरा काही हेतू नाही. 'ओटीपी', 'नाम मैच नहीं', 'फोटो साइज', 'सर्वर' हे शब्द पानोपानी आहेत. मी त्याला विचारले, इतक्या वर्षांत कोणत्या खात्याने ही वही पाहायला मागितली का? तो हसला. "साहब, एक बार आए थे," तो म्हणाला, "बोर्ड का साइज़ नापने."